मवाळ कौन्सिलर नेमके करायचा काय? गोपाळ कृष्ण गोखले, १८९९ ते १९१५

जुनी_जिल्द:

शाळेच्या पुस्तकात गोखल्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. मवाळ, गांधीजींचे गुरू, भारत सेवक समाज, १९०५च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष. ज्या कामात त्यांची शेवटची पंधरा-सोळा वर्षे गेली ते कायदे कौन्सिलातले काम मात्र 'सरकारकडे अर्ज-विनंत्या' या दोन शब्दांत उरकले जाते. १८९९ ते १९०१ मुंबई इलाख्याचे कौन्सिल, १९०२ पासून १९१५ला मृत्यू येईपर्यंत कलकत्त्याचे (पुढे दिल्लीचे) वरिष्ठ कौन्सिल, एवढी ही कारकीर्द.

धागा तेवढ्यापुरताच ठेवू. टिळक थोर की गोखले यावर या संस्थळावर पुरेसे धागे आहेत, ते भांडण तिकडे न्यावे ही विनंती.

आधी हातात हत्यारे काय होती ते बघू, कारण आजचा आमदार डोळ्यांपुढे ठेवला की सगळेच चुकते. कौन्सिलांच्या १८९२च्या कायद्यात 'निवडणूक' हा शब्दच नव्हता. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, सरदार, व्यापारी मंडळे यांनी नाव 'सुचवायचे' आणि गव्हर्नरने नेमायचे. मुंबई कौन्सिलात जादा सभासद जास्तीत जास्त २०, त्यांतले असे सुचवलेले ८. बाकी सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले. वरिष्ठ कौन्सिलात मुंबईकडून एकच जागा, ती इलाखा कौन्सिलातल्या बिनसरकारी सभासदांनी भरायची.

प्रश्न विचारायचा तर सहा दिवस आधी लेखी सूचना. उत्तरावर उपप्रश्न नाही. अध्यक्षाला प्रश्न नाकारता येई. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा भाषण करता येई, पण ठराव मांडता येत नसे आणि मतदानही नसे. विधेयकावर उपसूचना आणि मतदान होते, पण सरकारी बहुमत ठरलेले. म्हणजे १८९९ ते १९०९ या काळात कुठल्याही बिनसरकारी सभासदाने कुठलेही मतदान जिंकणे जवळजवळ अशक्य होते.

अशा जागी बसून माणूस काय करू शकतो, हा धाग्याचा विषय.

तिखटमीठ:

भाषणे. आणि सरकार टाळ्या वाजवते.

सातबारा:

तिखटमीठ, सुरुवातच चुकीच्या उदाहरणावर करताय. आपल्याकडच्या कौन्सिलातला पहिला गाजलेला सभात्याग मवाळांचा आहे आणि त्यात गोखले होते. ऑगस्ट १९०१, पुणे, मुंबई जमीन महसूल संहितेची दुरुस्ती.

प्रकरण असे. १८९९-१९००च्या दुष्काळानंतर साऱ्याची थकबाकी डोंगराएवढी झाली. थकबाकीपोटी जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार सरकारला आधीपासून होताच. नव्या विधेयकाने त्यात भर घातली: सरकारजमा झालेली जमीन पुन्हा त्याच कुळाला किंवा दुसऱ्याला देता येईल, पण विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन. सावकाराच्या हाती जमिनी जाऊ नयेत, हे सरकारचे कारण.

हेतू वाचायला चांगला आहे. घोळ कुठे होता ते बघा. शेतकऱ्याची पत म्हणजे त्याची जमीन. ती तारण ठेवता येत नसेल तर सावकार एक तर कर्ज देणार नाही, नाही तर जास्त व्याज लावणार. दुसरी सोय तेव्हा काहीच नव्हती, सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४चा. शिवाय वंशपरंपरा हक्काने जमीन कसणारा खातेदार एका थकबाकीत सरकारचा कूळ होऊन बसणार. आणि हे सगळे दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षी, जेव्हा निम्मा दख्खन थकबाकीदार.

फिरोजशहा मेहतांनी उपसूचना मांडली की विधेयक पुढे ढकला आणि लोकांची, संस्थांची मते मागवा. सरकारी मतांनी ती पडली. मेहता उठले. त्यांच्या पाठोपाठ भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोखले. गोखल्यांनी उठताना सांगितले की हे मोठ्या नाखुशीने करतो आहे, गव्हर्नरसाहेबांचा अनादर करण्याचा हेतू नाही.

तिखटमीठ:

आणि विधेयक?

सातबारा:

मंजूर झाले. त्यांच्या गैरहजेरीत, त्यामुळे अधिकच सुखाने.

तिखटमीठ:

म्हणजे नाखुशीने उठले, नम्रपणे गेले आणि कायदा झाला. मी वर हेच म्हटले होते.

जुनी_जिल्द:

कायदा झाला हे खरे. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या बिनसरकारी सभासदांनी वरिष्ठ कौन्सिलासाठी गोखल्यांचेच नाव दिले. प्रकृतीमुळे मेहता त्या जागेवरून बाजूला होत होते. मतदानात हरलेल्या पस्तीस वर्षांच्या माणसाला कलकत्त्याला पाठवावेसे का वाटले, हे हिशेबनीस नीट सांगू शकतील.

हिशेबनीस:

वरिष्ठ कौन्सिलात अंदाजपत्रकाची चर्चा. तारीख २६ मार्च १९०२, अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ. कोट्यवधींची शिल्लक जाहीर झालेली, आणि एकेक सभासद उठून सरकारचे अभिनंदन करतो आहे. गोखल्यांनी सुरुवातच अशी केली की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही.

त्यांचा मुद्दा एका वाक्याचा: शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नाही, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. तो त्यांनी सिद्ध कसा केला, ते पायरीपायरीने लिहितो. आजही राज्याचे अंदाजपत्रक वाचणाऱ्याला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, एका वर्षाचे आकडे घ्यायचेच नाहीत. दहा-पंधरा वर्षांची रांग मांडायची. आणि रांगेत अंदाज घ्यायचे नाहीत, प्रत्यक्ष जमाखर्च घ्यायचा. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की निष्कर्ष हवा तसा काढता येतो. ती रांग मांडल्यावर दिसले की सरकार जमेचा अंदाज वर्षानुवर्षे कमी धरते, मग वर्षअखेर शिल्लक 'अचानक' निघते, आणि तिच्यावर लष्कर आणि रेल्वे डोळा ठेवून बसलेले असतात.

दुसरी गोष्ट, माप एक करायचे. इथे भलेभले घसरत. जुनी सरकारी खाती 'दहा रुपये' हा एकक धरून लिहिलेली असत. शतकाच्या वळणावर ती पौंडांत लिहू लागले, १५ रुपयांचा पौंड धरून. म्हणजे जुन्या खात्यातले १०० म्हणजे १,००० रुपये आणि नव्या खात्यातले १०० म्हणजे १,५०० रुपये. १८९५चे पान आणि १९०२चे पान शेजारी ठेवून नुसते आकडे वजा केलेत तर दीडपटीची चूक होते, आणि समोरचा अधिकारी ती एका मिनिटात दाखवून तुमचे सगळे भाषण निकालात काढतो.

तिसरी गोष्ट, आणि हे भाषणाचे खरे बळ: हुंडणावळीचा (रुपया-पौंडाच्या दराचा) फरक वेगळा काढायचा. रुपया चांदीचा, इंग्लंडचे देणे सोन्यात. पेन्शने, कर्जावरचे व्याज, खरेदी असा 'होम चार्जेस'चा खर्च दरवर्षी पौंडांत पाठवावा लागे. चांदी पडत गेली तसा रुपयाही पडला, १८९४-९५च्या सुमारास साधारण १३ पेन्सांवर. त्या वर्षांत तूट भरायला सरकारने कर वाढवले. १८८८ला मिठावरचा कर वाढला, आयकर होताच. पुढे लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद केल्याचा परिणाम होऊन रुपया १६ पेन्सांवर चढला आणि तिथेच बांधला गेला.

आता हिशेब पाटीवर करून बघा. उदाहरणासाठी वर्षाला १ कोटी ६० लाख पौंड पाठवायचे धरू. पौंडाचे २४० पेन्स. १३ पेन्सांच्या रुपयाने लागतात साधारण २९ कोटी ५४ लाख रुपये. १६ पेन्सांच्या रुपयाने २४ कोटी. साडेपाच कोटींची बचत, रयतेच्या उत्पन्नात दमडीची भर न पडता. मग ज्या अडचणीसाठी कर वाढवले ती अडचण गेली, कर का गेले नाहीत?

या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हते, कारण अडचणीची सबब त्यांनीच लिहून ठेवलेली होती.

गुळपोळी:

साहेब, हे पहिल्यांदाच इतके सरळ समजले. एक शंका: मिठाचा कर खरेच एवढा होता की नुसता भावनेचा विषय?

हिशेबनीस:

मापातच मोजू. कर १८८८ पासून मणाला अडीच रुपये. मण ४० शेरांचा, म्हणजे आजच्या ३७ किलोंहून थोडा जास्त. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. म्हणजे बरोबर शेराला आणा, नुसता कर. मिठाची किंमत, वाहतूक, दुकानदाराचा नफा वेगळा.

१९०३ला कर २ रुपये झाला: शेराला साडेनऊ पैच्या जरा वर. १९०५ला दीड रुपया: सात पै आणि थोडे. १९०७ला एक रुपया: पाच पैलाही कमी. (बारा पैचा आणा, हे नव्या लोकांसाठी.) १९०३लाच आयकराची मर्यादा वार्षिक ५०० वरून १,००० रुपयांवर नेली, त्यामुळे कारकून-मास्तर मंडळी सुटली.

कर चढा असताना मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही आणि उतरला की वाढतो, हेही गोखले वर्षावर्षाच्या आकड्यांनी मांडत. मीठ कमी खाल्ले जाते म्हणजे माणसे आणि गुरे दोन्ही खंगतात, एवढे वाक्य जोडले की पुढे बोलायची गरज नसे.

तिखटमीठ:

कर उतरले ते शिल्लक होती म्हणून. दिल्ली दरबाराच्या वर्षी कर्झनला काहीतरी द्यायचेच होते. याचे श्रेय गोखल्यांना देणे म्हणजे कोंबड्याने बांग दिली म्हणून उजाडले.

जुनी_जिल्द:

अर्धे सहमत. एकट्याचे श्रेय कोणीच देऊ नये. मिठाच्या करावर काँग्रेस १८८८ पासून ठराव करत होती, दादाभाई आणि वाच्छा लिहीत होते. पण शिल्लक होती म्हणून कर उतरलाच असता हेही खरे नाही. शिल्लक लष्कराकडे गेली असती. सरसेनापती किचनरची फौजेची पुनर्रचना त्याच वर्षांतली. अर्थखात्यातल्या ज्या माणसाला कर उतरवायचा असतो, त्याला बाहेरून कोणीतरी आकड्यांसकट तशी मागणी केलेली हवी असते. गोखल्यांचे भाषण हे तसे कागदपत्र होते.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. कापसाच्या गिरणी मालावरचा साडेतीन टक्के अबकारी कर १८९६चा. गोखल्यांनी त्यावर जवळजवळ दर वर्षी टीका केली. तो त्यांच्या हयातीत हललाही नाही, उठला १९२० नंतर पाचेक वर्षांनी. तिथे समोर लँकेशायर, म्हणजे इंग्लंडातले कापड गिरणीवाले होते. मिठामागे इंग्लंडात कोणाचा पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. मवाळ पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते, ते या दोन करांवरून कळते.

बाकावरचा:

एवढी आकड्यांची चिकाटी आली कुठून, यावर दोन गोष्टी.

एक, रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरचे. रानड्यांच्या वर्तुळातला सर्वांत पक्का आकडेतज्ज्ञ. सरकारी नोकरीमुळे स्वतःच्या नावाने फारसे पुढे येत नसत. गोखल्यांच्या सुरुवातीच्या अंदाजपत्रकी भाषणांचा कच्चा माल, कोष्टके, तुलना यांत त्यांचा मोठा हात होता. त्याआधी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना रानड्यांच्या हाताखाली तालीम झालेली होतीच. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणे आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणे हे आणखी.

दुसरी जास्त महत्त्वाची. १८९७. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. एकतीस वर्षांचे वय. साक्ष उत्तम झाली, उलटतपासणीत डगमगले नाहीत. पण तिथे असताना पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून प्लेगच्या घरझडतीत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्राला सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी लिहिले होते त्यांना उघड उभे राहणे शक्य नव्हते, प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन पुण्यात धरपकड चालू होती. नाव सांगायचे नाही आणि पुरावा नाही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्याबद्दल जे बोलले गेले ते अनेक वर्षे पुरले.

त्यानंतरची त्यांची कौन्सिलातली भाषणे वाचा. जवळजवळ प्रत्येक विधानाला सरकारचाच छापील कागद आधाराला आहे: अर्थखात्याचे निवेदन, जनगणना, ब्लू बुक (सरकारी अहवाल). ऐकीव गोष्ट सापडणार नाही.

तिखटमीठ:

ही माफीची बाजू अशी कोणी मांडली नव्हती. नोंद घेतली. पण माफी ती माफीच.

अनामिका_प:

१९०९ नंतर काय बदलले हेही लिहा कोणीतरी. मोर्ले-मिंटो सुधारणा म्हटले की सगळे थेट स्वतंत्र मतदारसंघांवर उडी मारतात.

जुनी_जिल्द:

कामकाजाच्या नियमांत बदल मोठा होता. निदान मूळ प्रश्न विचारणाऱ्याला तरी उपप्रश्न विचारता येऊ लागला. सार्वजनिक हिताच्या विषयावर पंधरा दिवसांच्या सूचनेने ठराव मांडता येऊ लागला आणि त्यावर मतदान घेता येऊ लागले. ठराव मंजूर झाला तरी सरकारवर बंधन नाही, ती शिफारस. आणि इलाखा कौन्सिलांत बिनसरकारी बहुमत आले, तरी वरिष्ठ कौन्सिलात सरकारी बहुमत मुद्दाम राखले होते: ३७ सरकारी, ३२ बिनसरकारी. त्या ३२ मधले निवडून आलेले २७.

ठराव वापरायचा कसा, याचे चांगले उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचे आहे. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी ठराव मांडला की नाताळ वसाहतीसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. 'गिरमिट' पद्धत सगळीकडची बंद करा, असे म्हटले नाही. एकच वसाहत निवडली. कारण तिथे मजूर हवे होते, पण मुदत संपल्यावर राहिलेला हिंदी माणूस नको होता, त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवलेला. म्हणजे भरती बंद केली तर अडचण नाताळच्या मळेवाल्यांची. हिंदुस्थान सरकारलाही नाताळचा राग होताच. सरकारने ठराव स्वीकारला, कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद.

दोन वर्षांनी, मार्च १९१२ला, त्यांनी पूर्ण पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. ३३ विरुद्ध २२ ने पडला. आता समोर फिजी, त्रिनिदाद, गयाना सगळे होते. पण या २२ आकड्याचे वजन होते: हिंदी बिनसरकारी सभासद एकजुटीने एका बाजूला. १९१६ला मालवीयांनी तोच ठराव आणला तेव्हा सरकारने तो मान्य केला, आणि १९१७ला भरती थांबली.

अनामिका_प:

आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक? तेच तर मुख्य.

हिशेबनीस:

त्यावर सविस्तर लिहितो, कारण 'गोखल्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचे विधेयक आणले आणि इंग्रजांनी फेटाळले' यात विधेयक समजतच नाही. ते नावाइतके सक्तीचे नव्हते.

आधी मार्च १९१०चा ठराव. सरकारने विचार करतो म्हटले, ठराव मागे घेतला. त्याच वर्षी वरिष्ठ सरकारात वेगळे शिक्षणखाते निघाले, हार्कोर्ट बटलर त्याचे पहिले प्रमुख. पुढे गोखल्यांना विरोधही त्यांनीच केला.

विधेयक दाखल केले १६ मार्च १९११. रचना अशी होती:

सक्ती सरकार करणार नाही. नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाला वाटले तर आपल्या हद्दीत किंवा हद्दीच्या एखाद्या भागात ते लागू करील, तेही इलाखा सरकारची परवानगी घेऊन. परवानगी मागायची पात्रता अशी की त्या भागात ठरलेल्या टक्क्याइतकी मुले आधीच शाळेत जात असली पाहिजेत. गोखल्यांच्या मनात ३३ टक्के होते, पण आकडा विधेयकात न घालता नियमांवर सोडला. वय ६ ते १०. आधी मुलगे, मुलींना नंतर लावायची मुभा. शाळा मैलापेक्षा लांब असेल तर सूट. महिना १० रुपयांच्या आत मिळकत असलेल्या पालकाकडून फी नाही. बाकीच्यांकडून घेता येईल. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, त्यासाठी तिला शिक्षणपट्टी बसवता येईल.

आता प्रत्येक कलमामागचा हिशेब. ३३ टक्क्यांची अट अशासाठी की शाळाच नाहीत तिथे सक्ती केली तर शिपाई मुले धरून आणणार आणि बसायला जागा नाही. कायदा पहिल्याच वर्षी बदनाम. आकडा नियमांवर सोडला तो सरकारला 'आमचा हात बांधला' असे म्हणता येऊ नये म्हणून. शिवाय सरकारी महसुलावर बोजा टाकणारे विधेयक खाजगी सभासदाला पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नसे. त्यामुळे कलमे या अटीतून निसटतील अशा बेताने घडवणे हीच निम्मी कारागिरी.

हे सगळे बडोद्यावरून घेतलेले. सयाजीराव महाराजांनी १८९३ला अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ला राज्यभर सक्ती आणली. 'हिंदी माणूस मुले शाळेत पाठवणार नाही' या आक्षेपाला तोंडावर ठेवायला ते उत्तर होते.

पडले कुठे? मते मागवल्यावर इलाखा सरकारे बहुतेक विरुद्ध गेली. खर्च, शिक्षकांची टंचाई, आणि सक्तीने असंतोष वाढेल ही भीती. काही जमीनदार सभासदही विरुद्ध. गड्याची मुले शाळेत गेली तर गुरे कोण राखणार हे उघड बोलत नसत, पण सूर तो होता. नव्या पट्टीला भिणारे आपले शहरी लोकही होते. मालवीय, जिना, भूपेंद्रनाथ बसू बाजूने.

१९ मार्च १९१२ला मतदान झाले ते विधेयकावर नव्हे. १५ जणांच्या चिकित्सा समितीकडे पाठवावे का, एवढ्यावरच. १३ बाजूने, ३८ विरुद्ध. म्हणजे एकाही कलमावर चर्चा झाली नाही. विधेयक पडणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि तक्रार नाही, असे गोखले त्या दिवशी बोलले होते.

सातबारा:

भर घालतो. सहाच वर्षांनी, १९१८ला, मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरते प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले आणि ते मंजूर झाले. सांगाडा तोच: स्थानिक संस्थेने ठरवायचे, सरकारने परवानगी द्यायची. फक्त जिल्हा बोर्डे गाळली, म्हणजे खेडी गाळली. इलाख्यात बिनसरकारी बहुमत होते, त्याचा उपयोग झाला.

तिखटमीठ:

सगळे गोड गोड चालले आहे म्हणून आठवण करून देतो. १९१०चा प्रेस कायदा. नव्या छापखान्याला ५०० ते २,००० रुपये जामीन, जप्तीनंतर पुन्हा सुरू करायचे तर १,००० ते १०,०००. सुधारलेल्या कौन्सिलाच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक, चार-पाच दिवसांत उरकलेले. तुमच्या मवाळ नेत्याने त्याला पाठिंबा दिला. मालवीय आणि बसूंनी विरोधात मत दिले, गोखल्यांनी नाही.

जुनी_जिल्द:

बरोबर आहे, आणि हे झाकण्यासारखे नाही. पार्श्वभूमी नाशिकला डिसेंबर १९०९ला झालेला कलेक्टर जॅक्सनचा खून. गोखल्यांनी तत्त्व मान्य केले आणि कायद्याची मुदत तीन वर्षे ठेवा अशी उपसूचना आणली. ती पडली. कायदा १९२२ पर्यंत राहिला आणि त्याने शेकडो मराठी-हिंदी-बंगाली छापखाने नाडले.

त्याआधी सव्वादोन वर्षे, नोव्हेंबर १९०७ला, राजद्रोही सभांच्या विधेयकाला याच माणसाने ठाम विरोध केला होता. रासबिहारी घोष सोबत होते. मग १९१०ला काय झाले? माझे मत असे की नवे कौन्सिल नुकते मिळाले होते, ठरावाचे हत्यार हाती आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात सरकारशी तोडले तर नाताळ आणि शिक्षण दोन्ही गेले असा हिशेब त्यांनी केला असावा. नाताळचा ठराव त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी आला, हे तारखांवरून दिसतेच. हिशेब समजतो. पटत नाही.

बाकावरचा:

मवाळाची अडचण इथेच असते. संबंध राखून मिळालेले आणि संबंध राखण्यासाठी सोडलेले, दोन्ही एकाच वहीत लिहावे लागते. टिळक तेव्हा मंडालेत होते हे विसरू नका. त्यांच्या 'केसरी'सारख्यांवरच हा कायदा चालणार होता.

गुळपोळी:

अवांतर: सातबारा, तो १९०१चा कायदा पुढे गेला कुठे?

सातबारा:

अवांतर नाही, तुमच्या उताऱ्यावर आहे तो. हस्तांतरणाचा हक्क सरकारने आपल्याकडे ठेवून जमीन द्यायची ही वाट १९०१च्या दुरुस्तीने रुंद झाली. पुढे तिलाच 'नवी शर्त' किंवा 'नवीन अविभाज्य शर्त' म्हणू लागले, आणि १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ती भोगवटादार वर्ग २ मध्ये आली. आजही वर्ग २ची जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो, आणि तारण ठेवताना बँक आधी शर्त बघते. मेहता-गोखल्यांचा आक्षेप शेतकऱ्याची पत जाण्याबद्दलच होता. मात्र एक बाजू सरकारचीही खरी ठरली: भूमिहीनांना दिलेल्या जमिनी या शर्तीमुळेच बऱ्याच ठिकाणी हातातून गेल्या नाहीत.

तिखटमीठ:

म्हणजे सभात्याग करणारे अर्धे चूक होते?

सातबारा:

१९०१ला बरोबर होते. दुष्काळात थकलेल्या जुन्या खातेदाराचा असलेला हक्क काढणे वेगळे आणि भूमिहीनाला नवी जमीन शर्तीने देणे वेगळे. कलम एकच, वापर दोन.

हिशेबनीस:

मिठाचा हिशेब अर्धवट सोडला होता, तो पुरा करतो. गोखले फेब्रुवारी १९१५ला गेले. मार्च १९१६ला युद्धखर्चासाठी कर सव्वा रुपया झाला, म्हणजे शेराला सहा पै. १९२३ला सरकारने तो एकदम दुप्पट, अडीच रुपये करायला काढला. तोवर माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा येऊन मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आलेल्यांचे बहुमत झाले होते. गोखल्यांना कधी मिळाले नाही ते मत त्यांच्याकडे होते, आणि त्यांनी ते वापरून वाढ फेटाळली. व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या खास अधिकारात ती लागू केली. पुढच्या वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आली खरी, पण १९२३-२४ या वर्षी कर पुन्हा १८८८चाच होता. शेराला आणा.